मैदानाचे राखणदार

पौष महिन्यातील रविवारची सकाळ आहे. अकोल्याहून दर्यापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना हरभऱ्याची शेते दवाने भिजून उभी आहेत. पूर्वेकडे नुकते तांबडे फुटले आहे. अशा वेळी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर, कानाला मफलर गुंडाळलेला एक मनुष्य खराट्याने जमीन झाडताना दिसतो. तो सबंध मैदान झाडीत नाही. मधला २२ यार्डांचा, म्हणजे सुमारे २० मीटर १२ सेंटिमीटर लांबीचा पट्टा तेवढा झाडतो. एखादा खडा दिसला की वाकून उचलतो, खिशात टाकतो आणि पुढे सरकतो. थोड्या वेळाने सायकलीवरून दोन मुले येतात. एकाच्या खांद्यावर यष्ट्यांची पिशवी आहे, दुसऱ्याच्या हातात चुन्याचा डबा आहे.

नऊ वाजता सामना सुरू होईल. पांढरे कपडे घातलेले खेळाडू येतील, टाळ्या पडतील, आणि कोणी किती धावा काढल्या याची चर्चा संध्याकाळी गावातील पारावर रंगेल. त्या चर्चेत या खराटेवाल्या मनुष्याचे नाव निघणार नाही. मुलांनो, आज आपण त्याच्याविषयी आणि त्याच्यासारख्या इतर माणसांविषयी थोडी माहिती करून घेऊ.

दूरचित्रवाणीवर आपण जे क्रिकेट पाहतो, त्यात प्रत्येक कामासाठी पगारी माणसे नेमलेली असतात. खेळपट्टी तयार करणारा निराळा, धावा मोजणारा निराळा, खेळाडूंना पाणी नेऊन देणाराही निराळा. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील गावोगावच्या क्रिकेट मंडळांची गोष्ट वेगळी आहे. ही मंडळे हौशी असतात. हौशी म्हणजे ज्यांत खेळणारा पैशासाठी खेळत नाही ती. कोणी शिक्षक, कोणी बँकेतील कारकून, कोणी शेतकऱ्याचा मुलगा, कोणी मोटार दुरुस्त करणारा. आठवडाभर आपापला उद्योग करून ही मंडळी सुट्टीच्या दिवशी एकत्र येतात. मंडळाची तिजोरी म्हणजे बहुधा एका जाड वहीतील वर्गणीची यादी. तेवढ्यात चेंडू आणावयाचे, जाळी दुरुस्त करावयाची आणि बाहेरगावच्या संघाला दुपारचे जेवणही द्यावयाचे. पगारी माणूस ठेवण्याची गोष्टच निघत नाही. म्हणून बाकीची सारी कामे कोणीतरी आपण होऊन अंगावर घ्यावी लागतात. अशी कामे करणाऱ्यास आपण स्वयंसेवक म्हणतो.

वऱ्हाडात ही रीत नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले संत गाडगेबाबा एखाद्या गावी गेले की आधी तेथील रस्ते झाडीत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. हाती खराटा घेण्यात कमीपणा नाही, हे या भागाला कोणी पुस्तकातून शिकवावे लागलेले नाही. खेळांच्या बाबतीतही असाच वारसा आहे. १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी व्यायामासाठी एक संस्था सुरू केली. तीच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने प्रसिद्धीस आली. १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, त्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन कबड्डी, मल्लखांब आदी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. अमरावतीच्या आखाड्यातून निघालेली मुले थेट बर्लिनला पोचली, ही गोष्ट त्या काळी केवढी मोठी वाटली असेल! आज त्या संस्थेत शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे. पण अशा संस्थांच्या आरंभी आखाड्याची माती उकरणारे आणि सकाळी लवकर येऊन दार उघडणारे चार हातच असतात.

आता मैदानाकडे वळू. क्रिकेटमध्ये चेंडू जमिनीवर एकदा आपटून फलंदाजाकडे जातो. तो किती उंच उडेल, किती वेगाने येईल, कोणीकडे वळेल, हे बरेचसे जमिनीवर अवलंबून असते. आणि वऱ्हाडची जमीन म्हणजे काळी कसदार माती. अतिप्राचीन काळी येथे लाव्हारसाचे थर पसरून बेसाल्ट खडक तयार झाला; तो झिजून ही माती बनली. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण फार असते. पाऊस पडला की ती पाणी पिऊन फुगते आणि ऊन तापले की आकसते. अकोल्याला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा शेतात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला या भेगांचा उपयोगच होतो. वरची माती आत पडते आणि जमीन जणू स्वतःच स्वतःला नांगरते. कपाशीलाही ही जमीन मानवते.

परंतु जो गुण पऱ्हाटीला पोसतो, तोच खेळपट्टीला घातक होतो. ओली असेल तर माती बुटांना चिकटते आणि गोलंदाज पाय घसरून पडतो. फार वाळली तर भेगांच्या कडा सुटतात. भेगेच्या काठावर पडलेला चेंडू एकदा घोट्याजवळून सरपटत जातो, तर पुढच्या वेळी हनुवटीकडे उसळतो. फलंदाजाच्या दाताला किंवा डोळ्याला इजा व्हावयास तेवढे पुरे असते. तेव्हा खेळपट्टी नीट राखणे ही नुसती शोभेची बाब नव्हे.

गंमत अशी की हीच काळी माती योग्य रीतीने दाबली तर तिच्याइतकी घट्ट बसणारी दुसरी माती मिळणे कठीण. त्यासाठी तिला वेळ द्यावा लागतो. आधी पट्टा खणून तळाशी दगडविटांचे तुकडे आणि मुरूम घालतात, म्हणजे पाणी खाली झिरपते. त्यावर चाळलेल्या काळ्या मातीचे थर देतात. वर हरळी लावतात. हरळी म्हणजे आपण गणपतीला वाहतो ती दूर्वाच. शेतकरी तिला तण म्हणून उपटून टाकतो आणि मैदानावरचा माणूस तिला जपतो! तिची मुळे मातीला आतून शिवून धरतात. मग पाणी शिंपडावयाचे, थांबावयाचे, आणि नेमक्या वेळी रूळ फिरवावयाचा. ही नेमकी वेळ ओळखणे हीच खरी विद्या होय. माती जास्त ओली असेल तर ती रुळाला चिकटून उचलली जाते. जास्त वाळली असेल तर रूळ कितीही फिरवा, ती दबत नाही. जाणता मनुष्य मातीचा लहानसा गोळा बोटांत दाबून पाहतो. गोळा हाताला न चिकटता आकार धरून राहिला की तो म्हणतो, “लावा रे रूळ!” आणि मग चार-सहा जण लोखंडी दांड्याला छाती लावतात.

पाण्याची आणखी एक अडचण आहे आणि ती खास या भागाची आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतील मोठा प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. येथील विहिरींचे पाणी खारट असते. ते प्यावयास उपयोगी नाही आणि पिकासही मानवत नाही. असे पाणी खेळपट्टीवर वारंवार घातले तर वर पांढरी खपली धरते, हरळी जळते आणि माती दगडासारखी होऊन पुन्हा तडकते. म्हणून या पट्ट्यातील मंडळांना गोड्या पाण्याची सोय दुरून करावी लागते. एखाद्याचा ट्रॅक्टर मोकळा असला तर तो टाकी भरून आणतो. उन्हाळ्यात गावालाच पाणी पुरत नाही. मग मैदानाला कोणत्या तोंडाने मागावयाचे? अशा वेळी मंडळी खेळपट्टी तशीच सोडून देतात आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा पहिल्यापासून कामाला लागतात. काही गावांनी यावर जुना उपाय कायम ठेवला आहे. मुरमाचा कठीण पट्टा करून त्यावर काथ्याची चटई अंथरावयाची. चटईला पाणी लागत नाही, पण ती चहूकडून ताणून खिळ्यांनी पक्की करावी लागते. मध्ये एक सुरकुती राहिली तरी चेंडू कसा उडेल याचा नेम राहत नाही.

रूळ ओढणे, जमीन चोपणे ही कामे एके काळी हलकी मानली जात. या संदर्भात महाराष्ट्रातील एका मोठ्या खेळाडूची आठवण होते. पळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ मध्ये धारवाड येथे झाला. ते पुण्यात युरोपियनांच्या क्रिकेट क्लबात दरमहा ४ रुपये पगारावर मैदानाचे काम करीत. रूळ फिरवावा, जाळ्या लावाव्यात, रेषा आखाव्यात आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावेत, असा त्यांचा दिनक्रम होता. फलंदाजी करण्याची संधी मात्र त्यांना मिळत नसे. असे हजारो चेंडू टाकता टाकता ते एवढे तरबेज डावरे गोलंदाज झाले की पुढे त्यांना संघात घेण्यावाचून इतरांना गत्यंतर उरले नाही. तरीही जातिभेदामुळे संघातील इतरांपासून दूर, मातीच्या वेगळ्या भांड्यात त्यांना चहा दिला जाई. १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. बाळू हे पगारी नोकर होते, स्वयंसेवक नव्हते, हे खरे. पण ज्या हातांनी रूळ ओढला त्याच हातांनी बळी घेतले, ही गोष्ट रूळ ओढणाऱ्याकडे तुच्छतेने पाहणाऱ्यांनी विसरू नये.

खेळपट्टी झाली की रेषा आखावयाच्या. तुम्ही भूमितीत काटकोन त्रिकोण शिकला आहात. त्याचा येथे फार छान उपयोग होतो. एका दोरीला समान अंतरावर खुणा करून तिचे १२ भाग करतात. ३, ४ आणि ५ भागांच्या बाजू होतील अशा रीतीने ती दोरी ताणली की त्रिकोणाचा एक कोन बरोबर काटकोन होतो. या काटकोनाच्या आधाराने यष्ट्यांची रेषा खेळपट्टीला अचूक आडवी बसते. तिच्या पुढे ४ फुटांवर दुसरी रेषा येते. फलंदाज धावबाद आहे की नाही, गोलंदाजाचा पाय पुढे पडला की नाही, याचा निवाडा याच रेषेवरून होतो. रेषा तिरपी गेली तर पंच कितीही प्रामाणिक असला तरी निकाल तिरपाच लागणार.

पंचाचे काम पाहावयास सोपे आणि करावयास महाकठीण. गावच्या सामन्यात तटस्थ पंच नेहमी मिळतोच असे नाही. मग फलंदाजी करणाऱ्या संघातीलच दोघे, ज्यांची पाळी अजून आलेली नाही ते, पांढरी टोपी घालून उभे राहतात. षटकातील सहा चेंडू मोजण्यासाठी हातात सहा खडे ठेवतात. सकाळी झाडताना खिशात टाकलेले खडे येथे उपयोगी पडतात! प्रत्येक चेंडूला एक खडा या हातातून त्या हातात. आता विचार करा. समोर आपलाच मित्र खेळत आहे. चेंडू बॅटीला पुसटसा लागून यष्टिरक्षकाच्या हातात गेला. आवाज आपण ऐकला आहे. प्रतिस्पर्धी ओरडून विचारीत आहेत. बोट वर करावयाचे की नाही? ते बोट वर करणाऱ्या मुलाला त्या दिवशी आपल्याच संघासोबत जेवणाला बसावयाचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या कामाची किंमत कळते. जी मंडळे थोडा विचार करतात, ती एखाद्या वडीलधाऱ्या माजी खेळाडूला या कामासाठी विनंती करतात आणि नियमांचे पुस्तक त्याच्या हाती देतात.

मैदानाच्या कडेला, कडुनिंबाच्या सावलीत, एका टेबलाशी आणखी एक मनुष्य बसलेला असतो. हा धावलेखक. त्याच्यासमोर लांबट वही असते. मैदानात जे जे घडते ते ते चेंडूगणिक त्या वहीत उतरते. पंच हाताने खूण करतो आणि धावलेखक हात वर करून ‘खूण पोचली’ असे कळवतो. तोपर्यंत पंचाने पुढचा चेंडू टाकू द्यावयाचा नाही असा नियम आहे. दोन्ही हात आडवे पसरले की चेंडू बॅटीच्या आवाक्याबाहेरून गेला. एक हात आडवा केला की चेंडू नियमबाह्य ठरला. उघडा तळवा डोक्यावर धरला की धाव झाली, पण चेंडू कोणालाही न लागता गेला. तिला बाय म्हणतात. गुडघा उचलून त्याला हात लावला की चेंडू फलंदाजाच्या अंगाला लागून धाव झाली, ती लेगबाय. बाय आणि लेगबाय या धावा संघाला मिळतात. त्या फलंदाजाच्याही नावावर पडत नाहीत आणि गोलंदाजाच्याही खाती लागत नाहीत. वहीत बायसाठी त्रिकोण आणि लेगबायसाठी उलटा त्रिकोण काढण्याचा प्रघात आहे.

या वहीत हिशेब दोन बाजूंनी जुळावा लागतो. सर्व फलंदाजांच्या धावा आणि अवांतर धावा मिळून संघाची बेरीज झाली पाहिजे. दुसरीकडे, सर्व गोलंदाजांनी दिलेल्या धावा आणि बाय व लेगबाय मिळून तीच बेरीज आली पाहिजे. एका धावेचाही फरक पडला तर कोठेतरी चूक आहे. वाण्याच्या जमाखर्चाच्या वहीसारखीच ही रीत आहे. दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी संघाची एकूण धावसंख्या लिहिली, कोण जिंकले हे कळले, की वही मिटून टाकतात. मला ही मोठी चूक वाटते.

वहीला एवढे महत्त्व का, असे तुम्ही विचाराल. याचे उत्तर थोड्या इतिहासात आहे. वऱ्हाडचे खेळाडू १९३४ पासून मध्य प्रांत व वऱ्हाड या संघातून रणजी करंडकासाठी खेळू शकत. राज्यांची रचना बदलल्यावर १९५७-५८ च्या हंगामात विदर्भाचा संघ प्रथम या स्पर्धेत उतरला. पहिला करंडक मिळावयास मात्र ६० वर्षे जावी लागली. २०१७-१८ च्या हंगामात इंदूर येथे अंतिम सामन्यात विदर्भाने दिल्लीचा ९ गडी राखून पराभव केला. त्या अंतिम सामन्यात अकोल्याचा तरुण वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे याला विदर्भाने संघात घेतले. प्रथम श्रेणीचा त्याचा तो पहिलाच सामना! विदर्भाने पुढे २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्येही हा करंडक जिंकला. अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ मध्ये भारताच्या संघातून इंग्लंडविरुद्ध खेळली. अमरावतीचाच यष्टिरक्षक जितेश शर्मा २०२३ मध्ये भारताकडून खेळू लागला. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत खेळाडूला पाहणारे जाणकार पुष्कळ असतात. तालुक्याच्या गावी कोणी पाहावयास येत नाही. तेथल्या मुलाने किंवा मुलीने काय केले, हे जिल्ह्याच्या निवड करणाऱ्यांना कळण्याचा पहिला मार्ग म्हणजे ती वही. वहीत लिहिले नाही तर तो डाव जणू खेळलाच गेला नाही; आणि खोटे लिहिले तर दुसऱ्या कोणा खऱ्या मुलाची जागा जाते.

या संबंधात मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मुलांचा सामना चालला होता. धावलेखनास तेरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. शेजारी निवृत्त झालेले एक गुरुजी त्याला शिकवीत होते. मुलाचा जिवलग मित्र फलंदाजी करीत होता. त्याच्या ४९ धावा झाल्या. पुढच्या चेंडूवर दोघे फलंदाज धावले, सर्वांनी टाळ्या वाजवल्या, आणि आमच्या लेखकाने आनंदाने मित्राच्या नावापुढे एक धाव मांडली. पन्नास! लगेच तो मित्र झेल देऊन परतला. जिल्ह्याच्या निवडीसाठी नावे पाठवावयाची होती आणि अर्धशतक करणाऱ्याचे नाव त्या यादीत जाणार हे सर्वांना ठाऊक होते.

डाव संपला. संघाच्या धावा १४३. फलंदाजांच्या १३१ आणि अवांतर १२, बेरीज बरोबर. मग गुरुजींनी गोलंदाजांची बाजू मांडावयास सांगितली. गोलंदाजांनी दिलेल्या १३७, बाय ३, लेगबाय २, एकूण १४२. एक धाव कमी! मुलाने पुन्हा बेरीज केली. पुन्हा १४२. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी गोलंदाजांच्या रकान्यांवर बोट ठेवून एकेक षटक वाचावयास लावले. अखेर एका चौकोनात उलटा त्रिकोण सापडला आणि त्याच्या पोटात एकचा आकडा. पंचाने गुडघ्याला हात लावला होता. मुलाने ती खूण पाहिली होती आणि गोलंदाजाच्या बाजूला बरोबर उतरवलीही होती; पण टाळ्यांच्या भरात फलंदाजाच्या बाजूला धाव मित्राच्या नावावर पडली होती. ती पन्नासावी धाव लेगबाय होती.

मित्र मागेच उभा होता. त्याचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, “राहू दे ना बे पन्नास! टीमचे रन तं तेवढेच रायतेत. कोन पाह्यते?”

आणि ते खरेच होते. संघाच्या धावा १४३ च राहणार होत्या. जय-पराजयात तसूभरही फरक पडणार नव्हता. लेखक मुलगा बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. त्याने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी चष्मा पुसत बसले होते. त्यांनी वर पाहिले नाही. मग त्याने पेन्सिल उचलली, मित्राच्या नावापुढचा तो एक खोडला, अवांतरात उलटा त्रिकोण काढला आणि पुन्हा बेरीज केली. फलंदाजांच्या १३०, अवांतर १३. गोलंदाजांच्या १३७, बाय ३, लेगबाय ३. दोन्हीकडे १४३. वही त्याने गुरुजींपुढे सरकवली. त्यांनी सही केली आणि म्हणाले, “आता ही वही कोणीही उघडून पाहावी.”

मित्र चिडून निघून गेला. दोघांचा अबोला किती दिवस टिकला ते मला ठाऊक नाही. एवढे मात्र पाहिले, की संध्याकाळी मैदान आवरावयाच्या वेळी तो परत आला आणि कोणाशी काही न बोलता चटईचे एक टोक धरून उभा राहिला. दुसऱ्या टोकाला धावलेखक होता. चटई गुंडाळावयास दोघे लागतातच.

सूर्य मावळतीला गेला की मैदान रिकामे होते, पण काम संपलेले नसते. धावफलकावरचे पत्र्याचे आकडे काढून पेटीत रचावयाचे असतात. यष्ट्या मोजावयाच्या असतात. सहा आणल्या तर सहा परत गेल्या पाहिजेत. सीमारेषेपलीकडे तुरीच्या शेतात गेलेला चेंडू शोधावयाचा असतो, कारण कातडी चेंडू महाग असतो आणि वर्गणी थोडी असते. लहान मुलांचा या कामी फार उपयोग होतो, कारण ती तुरीच्या ओळींतून सहज वाकून जातात आणि झाडे मोडत नाहीत.

सकाळचा तो खराटेवाला मनुष्यही परत येतो. जेथे चटई नसते तेथे गोलंदाजांच्या पायांनी दिवसभरात खड्डे पडलेले असतात. तो बादलीभर गोडे पाणी आणतो, खड्डा ओला करतो, चाळलेली माती भरतो आणि टाचेने दाबतो. मग त्यावर ओले गोणपाट पसरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवतो, म्हणजे उद्याच्या उन्हात ती जागा तडकणार नाही. पुढचा सामना आठ दिवसांनी आहे. तोवर रोज संध्याकाळी घरी जाताना तो सायकल थांबवून गोणपाटावर पाणी शिंपडून जाईल.